फरशीवरचा उंबरा

नळ खोकला.

दुपार इतकी दाटून बसली होती की तो आवाज स्वयंपाकघरात न होता आपल्या छातीतच झाला, असं प्रेरणाला वाटलं. आधी एक फुस्कारा, मग भिंतीच्या पोटातून आल्यासारखी गुरगुर, आणि पुन्हा सगळं चिडीचूप. ती हॉलमध्ये फरशीवर आडवी झाली होती, उशी न घेता, गालाला फरशीचा गारवा लावून. आतल्या खोलीत ओवीला थोपटून झोपवलं होतं. पलीकडच्या कॉटवर आजी पडल्या होत्या. दिवसातला हा एवढाच वेळ तिचा. आधी ती या वेळात काहीबाही करायची, कॉलेजातली जुनी पुस्तकं काढून बसायची, केसांना तेल लावायची. आता नुसती पडून राहायची आणि आपण अजून आहोत का, ते चाचपून बघायची. पाणी तर परवाच येऊन गेलं होतं, पुढचं आठवड्यानं. लाईनमननं कुठलातरी व्हॉल्व्ह फिरवला असेल, नळात नुसती हवा आली असेल. उठून बघावं असं तिला वाटलं, आणि वाटण्यातच ते विरून गेलं. मग पाण्याचा आवाज सुरू झाला. मोठी, भरघोस धार. आलं वाटतं, ती डोळे मिटूनच म्हणाली. देव पावला. त्या आवाजाबरोबर ती सिल्लोडला गेली, वडिलांच्या घरी, जिनिंगच्या मागच्या गल्लीत, जिथं कापसाच्या हंगामात बाभळीच्या कुंपणाला पांढरे पुंजके लटकायचे आणि आई हातपंपाखाली हंडा लावून तिला म्हणायची, आवाज ऐक, भरत आला की आवाज बारीक होतो, वर चढतो, तेव्हा हात थांबव. भरणाऱ्या भांड्याचा आवाज चढत जातो. ती तशीच ऐकत राहिली. आणि कितीतरी वेळानं, की लगेचच, तिच्या ध्यानात आलं. हा आवाज चढत नव्हता. उतरत चालला होता.

ती उठली तेव्हा पाय ओल्यातच पडला. स्वयंपाकघरामागच्या धुण्याच्या जागेत आजी उभ्या होत्या, लुगड्याचा ओचा कमरेला खोचलेला, पोटऱ्या उघड्या, वाळलेल्या शेंगांसारख्या. दोन्ही निळ्या पिंपांच्या तोट्या सताड उघड्या होत्या आणि त्यातून आता दोऱ्याएवढी धार येत होती. हंडे पालथे, कळशी पालथी, पिण्याचा माठसुद्धा तोंड खाली करून भिंतीला टेकवलेला. जे पाणी मोरीत गेलं ते गेलं. जे मोरीला झेपलं नाही ते स्वयंपाकघराच्या एका कडेनं ओघळून हॉलच्या कडेपर्यंत पसरलं होतं आणि त्यात खिडकीचा चौकोन हलत होता. आजी शेवटचा तांब्या विसळत होत्या. तांब्याच्या आत बोटं फिरवून फिरवून, अगदी मन लावून.

"आजी," प्रेरणा म्हणाली.

"शिळं व्हतं माय," आजी म्हणाल्या. "लई पारोसं झालं व्हतं. दिलं टाकून. नव्यात शिळं मिसळू नाय. आता धर की हंडा, बघत काय ऱ्हायलीस सत्यभामे?"

नळ कोरडा होता. नळाच्या तोंडाशी एक थेंब लटकून राहिला होता, तोही पडायला तयार नव्हता.

ओरडायला हवं होतं. निदान रडायला तरी. शेजारच्या इमारतीत मागच्या आठवड्यात दोन हंड्यांवरून दोघी बायका जिन्यात एकमेकींच्या झिंज्या धरून भांडल्या होत्या. शहराबाहेर साताऱ्याच्या डोंगराकडं नव्या इमारती वर वर चालल्या होत्या, त्यांच्या फलकांवर झोपाळा आणि कारंज्याच्या चित्राखाली मोठ्या अक्षरात 'चोवीस तास पाणी' लिहिलेलं असायचं, आणि त्याच रस्त्यावर गळणाऱ्या टँकरमागं पोरं डबे घेऊन धावायची. पेपरात रोज नाथसागर. पैठणचं धरण मृतसाठ्यात गेलं. मृतसाठा हा शब्द ती वर्षभर रोज वाचत होती आणि तरी दर वेळी तिला तो एखाद्या माणसाबद्दल म्हटल्यासारखा वाटायचा. आठवडाभराचं पाणी. पिण्याचं, वापरायचं, ओवीच्या आंघोळीचं. आणि संध्याकाळी तात्यासाहेब येणार होते.

तात्यासाहेब म्हणजे तिचे चुलत सासरे, आजींचा थोरला मुलगा. तिचे सासरे, धाकटे, ते तिच्या नवऱ्याच्या, केशवच्या, लहानपणीच गेले, तेव्हापासून या घराचं मोठेपण तात्यासाहेबांकडं. स्वतः सत्तरी ओलांडलेले, गुडघ्याला पट्टा, बीड बायपासला मुलाच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायचे. वाईट माणूस नव्हता. आजींचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा यांनीच त्यांना पाठीवर घेऊन जिना उतरला होता. पण गेल्या महिन्यात आजी कळशी घेऊन दोन जिने उतरून फाटकाबाहेर गेल्या, कुठं निघालात विचारल्यावर "गंगेला" म्हणाल्या, आणि वॉचमननं त्यांना हाताला धरून वर आणलं, तेव्हापासून तात्यासाहेबांचा धीर सुटला होता. बिडकीनच्या अलीकडं म्हाताऱ्यांसाठी एक नवा निवारा निघाला होता. नर्स असते, बोअरला पाणी आहे, दाराला बाहेरून कडी असते. ते सगळं बघून आले होते. "प्रेरणा, तुझी तक्रार नाही गं," ते म्हणाले होते, "पण तू एकटी, त्यात लेकरू. केशवची पाळी बदलत राहती. आता अजून एक काही झालं, की मी कुणाचं ऐकणार नाही. हां?" आणि तिनं मान हलवली होती. मान हलवताना तिला, कुणाला सांगण्यासारखं नाही, पण हलकं वाटलं होतं. तेच ते हलकेपण आता या पाण्यात उभं राहून तिला पुन्हा जाणवलं. अजून एक काही झालं होतं. तिला काहीच करायचं नव्हतं. संध्याकाळी पिंपांकडं बोट दाखवलं की पुरे.

तिनं आजींच्या हातातला तांब्या काढून घेतला. बोटं गार पडली होती, कातडी भिजून पांढरी. "चला, पडा जरा," ती म्हणाली. आजी निघाल्या, ओल्या पायांनी, स्वयंपाकघरातून हॉलकडं, आपल्या त्या रोजच्या चालीनं. ही चाल आता सगळ्यांच्या सवयीची झाली होती. स्वयंपाकघराच्या दारात त्या मान खाली घालायच्या. दार चांगलं उंच होतं, केशवचंही डोकं लागत नसे, पण आजी मात्र दर वेळी मान लववून, एक हात डोक्यावर पदराशी धरून बाहेर पडायच्या. "आजी दाराला नमस्कार करती," केशव हसायचा. हॉलच्या मधोमध त्या अडखळल्यासारख्या थांबायच्या. दिवेलागणीला टीव्हीशेजारच्या भिंतीवर, बटनांच्या पाटीखाली, हात फिरवत उभ्या राहायच्या. तिथं हात पोचेल एवढ्या उंचीवर भिंतीला काळपट तेलकट डाग पडला होता आणि त्या डागाशी प्रेरणाचं वैर होतं. साबणानं घासायची, चुना लावायची, आठ दिवसांत डाग पुन्हा हजर. डॉक्टरांना सांगितल्यावर ते म्हणाले होते, या वयात अशा काही निरर्थक हालचाली होतात.

डॉक्टर तसे बरे होते. हळू बोलत होते. "आजी, साल कुठलं चालूय?" त्यांनी विचारलं. "दुष्काळाचं," आजी म्हणाल्या. "हो, पण कुठलं?" "आता ते तुमी सांगा. माझ्या ध्यानात लई दुष्काळ हायत." मग त्यांनी आंबा, चष्मा, बैलगाडी असे तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, इकडचं तिकडचं बोलले, आणि पुन्हा विचारलं, मघाचे शब्द आठवतात का? आजींनी त्यांच्याकडं जरा दयेनंच पाहिलं. "तुमचे शब्द, तुमीच संभाळा की." डॉक्टर हसले. तात्यासाहेब हसले नाहीत. आणि मग डॉक्टरांनी प्रेरणाकडं वळून विचारलं, "दिवसभर असतात कशा? मनानं?" ती गोंधळली. "त्रास नाही देत," ती म्हणाली. "ते नाही विचारलं. बऱ्या असतात का, आतून?" जेवण, झोप, पोट साफ होणं, औषध घेताना किती कटकट करतात, हे सगळं तिला तोंडपाठ होतं. आतून. हा प्रश्न तिला स्वतःलाही कुणी विचारला नव्हता. परतताना रिक्षात तात्यासाहेब म्हणाले, "बघितलंस ना, साल सांगता येईना," आणि रिक्षाच्या धडधडीत आजी मात्र बाहेरचा नवा पूल, पुलावरची होर्डिंगं, खाली थांबलेले टँकर बघत बसल्या होत्या, एखाद्या पाहुणीसारख्या, कुणाच्यातरी गावाला आल्यासारख्या, इथलं आपल्याला काय, उद्या जायचंच आहे.

आजी कॉटवर जाऊन पडल्या. प्रेरणा फडकं घेऊन परत आली, हॉलच्या कडेशी गुडघ्यांवर बसली, आणि तिचा हात तसाच राहिला.

फरशीवर पावलं उमटली होती. कोरड्या, फिकट फरशीवर ओली, गडद पावलं. आजींची लांबट पावलं, अंगठा बाहेर वळलेला, चवडा जास्त ओला. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं म्हणून ती एकूण एक दिसत होती. स्वयंपाकघराच्या मोकळ्या फरशीवरून त्या सरळ आल्या नव्हत्या. मध्ये काही नव्हतं, तरी पावलं एका गोलाला वळसा घालून आली होती, त्या गोलाच्या कडेकडेनं, काळजीपूर्वक. मग दार. दारापुढं चार पावलं. मग हॉलच्या मधोमध दोन्ही पावलं शेजारी शेजारी, जोडून, थांबलेली. आणि त्यापुढं रिकामी फरशी, वीतभर रुंदीची, एक थेंबही नसलेली. त्या कोरड्या पट्ट्याच्या पलीकडं पुन्हा एक पाऊल, टाच ठळक टेकलेली, वरून उतरलेलं. तिथून पावलं डावीकडं, भिंतीशी, डागाखाली. तिथं उभं राहिल्याची दोन पावलं, मग खोलीकडं. ही पावलं आत्ताची. त्यांच्या शेजारी आधीच्या फेरीची, अर्धी वाळलेली, पिंपं रिती करताना आजी बाहेर येऊन गेल्या असतील तेव्हाची. तीही त्याच गोलाला वळून. तीही त्या पट्ट्याआधी जोडून थांबलेली. तीही पट्ट्यापलीकडं उतरलेली. कुठं बोटभर इकडंतिकडं नाही.

प्रेरणाला एकदम काहीतरी दिसलं, आणि जे दिसलं ते इतकं मोठं होतं की त्यात आपण मावतो की ते आपल्यात, हे कळेना. हा उंबरा होता. तो गोल म्हणजे चूल, किंवा रांजण. ते दार बुटकं होतं, मान लववल्याशिवाय बाहेर पडता न येणारं. हे घर तिनं कधी पाहिलं नव्हतं, पण ते तिला ठाऊक होतं, लग्नानंतर कितीतरी वेळा ऐकलेलं. पैठणच्या वरच्या अंगाला, गंगेच्या म्हणजे गोदावरीच्या काठी यांचं गाव. बाहत्तरच्या दुष्काळात आजी धरणाच्या कामावर गेल्या. डोक्यावर पाटी, पाटीत माती, भिंतीवर ओतायची आणि परत खाली. संध्याकाळी खायला सुकडी मिळायची. जी भिंत त्यांनी आपल्या हातानं उंच केली, तिनंच पुढं त्यांचं घर बुडवलं. जाताना लोकांनी दारं, चौकटी, आढी, खांब काढून नेले, नुसत्या मातीच्या भिंती उभ्या राहिल्या. आजी तेवढ्यातही मागं राहिल्या होत्या म्हणे. बिनदाराचं, बिनछपराचं घर त्यांनी शेणानं सारवलं. पाण्यात जाणारं घर पारोसं ठेवू नाय, म्हणाल्या. रांजण विसळून पालथा घातला. शिळं पाणी टाकून दिलं. आणि मग निघाल्या. ते ऐकताना प्रेरणाला नेहमी वाटायचं की ही दुःखाची गोष्ट आहे, आणि ती तशा गोष्टीला द्यायचा तेवढा सुस्कारा देऊन मोकळी व्हायची. तिनं कधी विचार केला नव्हता की सारवलेलं घर सारवणारीच्या तळपायांत किती खोल उतरत असेल. नाथसागराचं पाणी त्या घरावर उभं राहिलं, आणि तेच पाणी इतक्या वर्षांनी नळातून आठवड्याला एकदा या फ्लॅटमध्ये येत होतं. साल हरवलं. तीन शब्द हरवले. नातसुनेचं नाव हरवलं. आणि ज्याला निरर्थक हालचाल म्हणायचं, ते एवढं थोरलं घर होतं, भिंती, दारं, उजेड-अंधार सगळं धरून, या भाड्याच्या दोन खोल्यांवर अलगद ठेवलेलं, कुठं धक्का लागू न देता. आणि आजी तिथं राहत होत्या. त्रास न देता. आतून कशा असतात, डॉक्टरांनी विचारलं होतं. आतून त्या घरी असतात.

ती डोळे फाडून बघत राहिली, कारण ऊन होतं, चैत्रातलं, आणि कडेची पावलं वाळायला लागली होती. आधी बोटं गेली. मग चवडे. घर उडून चाललं होतं. आणि तेवढ्यात तिला इवली पावलं दिसली, मोठ्या पावलांच्या आतल्या बाजूनं, मुठीएवढी, बोटांच्या ठिपक्यांची. जुन्या ओल्या रेषेला धरून, गोलाला वळसा घालून. पट्ट्याआधी जोडून उभी. आणि पट्ट्यापलीकडं दोन्ही एकदम, उडी मारलेली.

"ओवी," तिनं हाक मारली. ओवी झोपलेलीच नव्हती. खोलीच्या दारात उभी होती, झबलं भिजलेलं, अपराधी चेहरा करून.

"मी नाही सांडलं. मी फक्त हंडा धरला होता."

"इकडं ये. अशी नाही, तशी ये. तू मघाशी इथं उडी का मारलीस गं?"

"उंबरा आहे ना." ओवीनं आईकडं जरा संशयानं पाहिलं. "उंबऱ्यावर पाय नाही द्यायचा."

"कुणी सांगितलं?"

"मोठ्या आजीनं. आधी मला ठेच लागायची. खोटी खोटी. आता नाही लागत." आणि आई रागावत नाही म्हटल्यावर तिला चेव आला. "ही चूल. इथं बसायचं नाही, भाजतं. ही घडवंची, हिच्यावर हंडे. इथं उजेड येतो वरनं, छपरात धारं आहे तिथं. आणि बाबा बसतात ना सोफ्यावर?"

"हं?"

"तिथं म्हैस." ओवी खुदकन हसली. "मोठी आजी म्हणाली, बाबाला सांगू नको."

प्रेरणाला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांतून पाणी आलं, त्या वर्षी घरात शिल्लक राहिलेलं बहुधा तेवढंच. घराघरात मुली भातुकली मांडतात, तसं हे, म्हणावं तर. पण मांडणारी नव्वदीपुढची होती, आणि तिनं मांडलेलं खोटं नव्हतं. आपण रोज त्या चुलीतून चालत गेलो. उंबऱ्यावर उभं राहून फोनवर बोललो. म्हशीच्या अंगावर धुतलेल्या कपड्यांचे ढीग टाकले. आणि त्या माउलीनं एका शब्दानं टोकलं नाही, मला सत्यभामा म्हणत राहिली. सत्यभामा त्यांची जाऊ, त्या घरात त्यांच्यासोबत नांदलेली, कधीच वारलेली. नाव विसरल्या म्हणून तिला वाईट वाटायचं. आज वाटलं, विसरल्या कुठं? त्यांनी मला आत घेतलं.

ऊन कलायला लागलं तेव्हा तात्यासाहेब आले, धापा टाकत, हातात चार मोसंबी. चपला काढल्या आणि सोफ्यावर टेकले.

"अरं म्हशीपाशी का बसलास?" खोलीच्या दारातून आजी म्हणाल्या. "शेपटी मारंल."

"घ्या," तात्यासाहेब प्रेरणाला म्हणाले. "आज म्हैस." मग त्यांची नजर मागं गेली, पालथ्या हंड्यांकडं, उघड्या तोट्यांकडं. "हे काय? पिंपं रिकामी कशी?"

बोट दाखवायचीही गरज नव्हती. आणि खोटं बोलायचीही तिला इच्छा झाली नाही. "आजींनी ओतून दिलं सगळं. नळ वाजला, नवं पाणी आलं समजून. मला ऐकू आलं होतं, मी उठले नाही."

"सगळं?"

"सगळं."

तात्यासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "बस झालं मग. अजून काय बघायचं राहिलं?" आवाजात राग नव्हता, थकवा होता, तोच जास्त भीतिदायक होता. "उद्याच सांगतो त्यांना, खोली पक्की करा म्हणून." ते गुडघ्यावर हात दाबून उठले आणि आईशी बोलतच पिंपांकडं निघाले. "बाई, काय केलंस हे? लेकराच्या तोंडचं पाणी..."

"तात्या, पाय उचल!"

आजींचा आवाज असा सपकन आला की प्रेरणाच दचकली. त्या आवाजाला वय नव्हतं. आणि तात्यासाहेबांचा पाय, दुखऱ्या गुडघ्याचा, पट्टा बांधलेला, जिना चढताना ज्याला ते हातानं उचलायचे तो पाय, आपोआप वर गेला. हॉलच्या मधोमध, मोकळ्या फरशीवर, वीतभर उंच. आणि पलीकडं टेकला. ते दोन पावलं पुढं गेले, आणि स्वयंपाकघराच्या त्या उंच दाराशी आल्यावर त्यांची मान खाली गेली.

ते तसेच उभे राहिले. मान वर करायचं त्यांना सुचेना. मागं वळून त्यांनी फरशीकडं पाहिलं. तिथं काही नव्हतं, आता तर ओलही नव्हती. दाखवायला प्रेरणाजवळ होतंच काय, वाळून गेलेली पावलं. खाली रस्त्यावर कुल्फीवाल्याची घंटा वाजत गेली.

"बाई," तात्यासाहेब म्हणाले. आवाज भलताच बारीक झाला होता. "देवळी कुठं गं आपली? दिव्याची?"

"आता गं बया. घरात वाढलास अन् देवळी इचारतोस?" आजी तुरुतुरु येऊन भिंतीशी गेल्या आणि हात लावला. डागावर. "ही काय. तूच न्हाई का तेल सांडलं व्हतंस हितं, तुझ्या बापानं झोडलं व्हतं तवा? अजून डाग गेला नाय."

तात्यासाहेब पुढं झाले. पण सरळ नाही, उंबऱ्यावरून पाय उचलून. त्यांनी आईच्या हाताशेजारी आपला हात भिंतीवर ठेवला. दोन हात, दोन्ही म्हातारे, एकासारखा एक. धरणग्रस्ताच्या दाखल्यावर त्यांना सरकारी नोकरी लागली होती, त्या नोकरीवर त्यांनी हे सगळं उभं केलं होतं, भावाच्या पोराला शिकवलं होतं. धरण आटल्यावर जुन्या गावांचे दगड उघडे पडलेत, आजीला दाखवून आणू, असं केशव म्हणाला तेव्हा हेच तुटून बोलले होते, काय बघायचंय तिथं, चिखल? आता ते भिंतीकडं तोंड करून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. आजी त्यांच्या पाठीवर थोपटत होत्या, न बघता, सवयीनं. "गप. लाव दिवा. तेल सांडू नको म्हंजे झालं."

प्रेरणाला वाटलं, आपण इथून जावं. मग वाटलं, कुठं जायचं, हे सगळं घरच आहे.

तात्यासाहेब सोफ्यावर बसले नाहीत. भिंतीला पाठ लावून फरशीवर बसले, मोसंबं सोलत, एक फोड आईला, एक ओवीला. बोलणं जड जात होतं म्हणून पाण्यावर बोलले. "टँकर सांगतो उद्या. आज माझ्याकडनं दोन कॅन पाठवतो." मग फोडीवरची साल काढत, तिच्याकडं न बघता, "त्या बिडकीनवाल्याला काय सांगू?"

तो प्रश्न तिला विचारला होता. या घरात पहिल्यांदाच कुणीतरी.

"खोली नको म्हणून सांगा."

"पुढं लई जड जाईल, पोरी. आज पाणी सांडलं. उद्या तुला ओळखणार नाही ती."

"आजही कुठं ओळखतात?" ती म्हणाली. "मी सत्यभामा आहे." आणि आपल्याच आवाजाचं नवल वाटून पुढं म्हणाली, "नळाला बांधायला चिंधी आणते, वाजणार नाही. पिंपाच्या तोट्यांच्या चाव्या काढून ठेवू. पण इथलं काही हलवायचं नाही तात्यासाहेब. सोफासुद्धा."

"म्हैस आहे ना ती," ओवी म्हणाली.

"मारकी होती," तात्यासाहेब म्हणाले, एकदम, आणि ओल्या डोळ्यांनी हसले. "सत्यभामाकाकूला तेवढी जवळ येऊ द्यायची."

ते गेल्यावर प्रेरणा फडकं घेऊन फरशी पुसायला बसली. जड जाणार होतं. ते तिला माहीत होतं, दोन्ही पोटऱ्यांना माहीत होतं. तरी ती पुसत होती ती चुलीला वळसा घालून, उंबऱ्याच्या अलीकडून आणि मग पलीकडून, मधला पट्टा सोडून. भिंतीवरच्या डागाजवळ आल्यावर तिचा हात थांबला आणि तिनं फडकं खाली ठेवलं. खोलीत आजींचा डोळा लागला होता, श्वास संथ, भरलेल्या रांजणासारखा. ओवी उंबऱ्याशी उकिडवी बसून, हनुवटी गुडघ्यांवर टेकवून, बराच वेळ फरशीकडं, सोफ्याकडं, खिडकीकडं, आईकडं बघत होती. काहीतरी मोजल्यासारखी, मापं घेतल्यासारखी.

"आई," ती म्हणाली, "मी म्हातारी झाल्यावर आपलं हे घर कुठं मांडू?"